आनंदाचं पथ्य

"मेलं! वन्सं, मेलं हो हे!"

मी दारातच किंचाळले. खांद्यावरची पिशवी कुठे पडली तेही कळलं नाही. आत्ताच तर पिल्लू माझ्याकडे धावत आलं होतं, शेपटीबरोबर अख्खं अंग हलवत. पायाशी पोचता पोचता त्याचे पुढचे पाय दुमडले आणि ते आडवं झालं. जीभ बाहेर, हिरड्या पांढऱ्याफटक, खालची फरशी ओली.

वन्सं स्वयंपाकघरातून आल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. त्यांनी खाली बसून पिल्लाच्या छातीवर हात ठेवला.

"आहे. ओरडू नका."

"अहो, पण बघा ना कसं..."

"वहिनी, ओरडू नका म्हणते ना."

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. मला पाहिलं आणि पडल्या पडल्याच फरशीवर शेपटी आपटायला लागलं.

संस्थेतल्या बाईंनी आमच्यापासून काही लपवलं नव्हतं, हे आधी सांगते. रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्यांची ती संस्था आमच्या बस डेपोच्या मागेच आहे. "याच्या हृदयात जन्मतः दोष आहे, औषधं कायमची लागतील, म्हणून कुणी नेत नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. वन्संना एखादं पोक्त, घरबशं कुत्रं हवं होतं. पण बाकीची पिल्लं जाळीवर चढून कालवा करत होती आणि हे एकटं कोपऱ्यात शांत बसून माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, काय गुणी बाळ आहे! माझी अक्कल बघा. ते गुणी नव्हतं, दमलेलं होतं.

ते पडलं त्या दिवशी आम्ही त्याला तसंच उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने बराच वेळ नळी लावून ऐकलं.

"हृदयातून रक्त बाहेर जायची वाट फार अरुंद आहे," तो म्हणाला. "धडधड वाढली की रक्त पुढे सरकतच नाही."

"म्हणजे दारातच गर्दी झालेली बस."

"तसंच समजा."

"ऑपरेशन?"

"याच्या दोषाला ते लागू पडत नाही. गोळी सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. पळायचं नाही, घाबरायचं नाही. आज पडला तेव्हा काय झालं होतं?"

"काही नाही. मी कामावरून घरी आले."

डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तुम्ही घरी आलात की त्याला आनंद होऊ देऊ नका."

माझं डोकंच फिरलं. "अहो, गोडाचं पथ्य ऐकलंय, तिखटाचं ऐकलंय. आनंदाचं कसलं पथ्य? मग आणलं कशाला त्याला घरी?"

"एखाद्या वेळी पडला तर उठेल," तो म्हणाला. "दर वेळी उठेलच असं नाही."

मी बसमध्ये कंडक्टर आहे. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि उरलेला पुढच्या स्टॉपवर उतरतो, असं आमचा ड्रायव्हर म्हणतो. उभ्या जन्मात मी कुठे गुपचूप शिरले नव्हते. आता मी आमच्या जिन्यात दोन मजले खालीच चपला काढायला लागले. कुलपात तेल घातलं. आत आल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. हात धुवायचे, पाणी प्यायचं, घरात कुणी नाहीच असं समजून वावरायचं. त्याची धडधड बसली की मग एक हात, तोही पाठीवरून, एकदाच.

वन्संना हे मुळीच जड गेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझंही स्वागत त्यांनी असंच केलं होतं.

"हळू रे, हळू," हे शब्द घरात दिवसभर चालायचे. इतके, की त्याला ते आपलं नावच वाटलं. हळू म्हटलं की मान वर करायचा. मग राहिलं तेच नाव.

पण मी कायम भेदरलेली. बसमध्ये खिशातला फोन थरथरला की तिकिटावरची बोटं थांबायची. वन्संचं नाव दिसलं की भर गर्दीत फोन कानाला लावायचे. त्या विचारायच्या, "येताना साबण आणता का?" आणि मला घाम फुटलेला असायचा. एकदा ड्रायव्हरने काहीतरी विनोद केला आणि मी आमच्या घराखालच्या रस्त्यावर खदखदून हसले. वर जाऊन दार उघडते तर हळू दाराला लागून आडवा पडलेला. माझा आवाज त्याने तिथूनच ऐकला होता. त्या दिवशी त्याला डोळे उघडायला इतका वेळ लागला, की वन्संसुद्धा देवाचं नाव घ्यायला लागल्या.

त्यानंतर माझा आवाज जो बसला तो बसलाच. "बाई, घसा धरलाय का?" असं रोजचे प्रवासी विचारायचे. मी नुसती मान हलवायचे. आपली कुणाला एवढी ओढ असावी म्हणून माणसं जन्मभर झुरतात. आणि मी मात्र मनातल्या मनात त्याला विनवायचे, बाबा रे, माझ्यावर जरा कमी जीव लाव.

अशात माझ्या पित्ताशयात खडे निघाले. कळा यायच्या, मी दातावर दात दाबून सोसायचे. ऑपरेशनची भीती नव्हती. दवाखान्यात राहावं लागणार होतं, आणि तिथून परत यावं लागणार होतं, त्याची भीती होती. रोजच्या येण्याने जो कोसळतो, तो इतक्या दिवसांनी आलेलं बघून काय करेल? मी पुढे ढकलत राहिले. शेवटी बसमध्येच कळ आली आणि ड्रायव्हरने गाडी थेट दवाखान्यात नेली.

ऑपरेशन नीट झालं. पण वन्संचा फोन आला.

"खात नाही तो. बाहेरच्या दाराशी बसून असतो."

"आणि गोळी?"

"थुंकतो. घशात घालायला गेले तर इतका धडपडला की मीच सोडलं."

"माझा आवाज ऐकवता का जरा?"

"खबरदार!" वन्सं ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

जनावरांच्या डॉक्टरलाही त्यांनी विचारलं होतं. गोळी आणखी चुकली तर धोका, आणि मी समोर आले तरी धोका. इकडे आड, तिकडे विहीर. मग वन्संनीच डोकं चालवलं. "वहिनी, तो तुमचं तोंड बघून पेटतो. या, पण तोंड दाखवू नका. अंगाला दवाखान्याचा वास आहे, तो तसाच राहू दे. त्याला सावकाश कळू दे."

दवाखान्यातून सुटले तेव्हा ड्रायव्हर आपल्या गाडीतून सोडायला आला. हॉर्न वाजवायचा नाही, दार आपटायचं नाही, असं मी त्याला बजावलं.

"बाई, चोरी करायला निघालोय का आपण?"

"गप्प बस रे," मी म्हटलं. मला हसायचीही भीती वाटत होती.

जिना अनवाणी चढले. टाके ओढत होते. ठरल्याप्रमाणे दार नुसतं लोटलेलं होतं आणि हळू आतल्या खोलीत बंद होता. मी उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसले, तोंड बाहेरच्या दाराकडे, पाठ घराकडे. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. त्यांचा भरवसा नव्हता. वन्संनी आतलं दार उघडलं आणि गोळी घातलेला घास घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

नखांचा आवाज आला. थांबला. परत आला. मग ओलं नाक कमरेला लागलं. दवाखान्याचा वास हुंगत हुंगत ते वर सरकलं, मानेपर्यंत आलं आणि तिथे थांबलं.

त्याला कळलं. कळल्याचं मला पाठीवर कळलं. तो अख्खा माझ्यावर रेलला, घशातून बारीक कण्हला, आणि त्याची छाती माझ्या पाठीवर धाड धाड आपटायला लागली. शेपटी भिंत बडवत होती. देवा, नको, मी मनात म्हणत होते, एवढा आनंद नको रे त्याला.

शेपटी थांबली.

मी वन्संच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी वळणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वाकून माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. बघतच राहिल्या.

"बसलाय," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. "टेकून बसलाय. श्वास चालू आहे."

त्यांनी घास पुढे केला. माझ्या कानाजवळ हुंगल्याचा आवाज आला, मग चावल्याचा.

"गिळली. गोळीसकट गिळली." वन्संनी पदराने डोळे पुसले. पाठीवरची धडधड कमी कमी होत गेली आणि तो तिथेच, माझ्या पाठीला पाठ लावून, अंग टाकून झोपला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आता वळा हळूच. बघा तरी त्याच्याकडे."

मी नकारार्थी मान हलवली.

"उद्या," मी म्हटलं. "उद्या वळेन."

पायांना मुंग्या आल्या होत्या. टाके ठणकत होते. मी तशीच बसून राहिले, उघड्या दाराकडे तोंड करून, आत्ता उठून निघणार असलेल्या माणसासारखी.