महिपतीच्या नावाचं पान

"जरा वर ठेव गो, दिसत नसंल त्याला," कुशाबा म्हणाला, तसं आवडीने पान उचलून गोठ्याच्या कौलांवर ठेवलं.

दिसत कसं नसेल? कावळा समोरच्या फणसावर बसून सरळ पानाकडेच बघत होता. भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, अळूची भाजी, खीर, महिपतीला आवडायचं ते सगळं आवडीने रांधलं होतं. एरवी म्हाळाच्या दिवसांत कावळे भांडून भांडून जीव नकोसा करतात. आज हा एकटाच होता आणि ओरडतही नव्हता. उन्हं कलायला आली, घरात कोणाच्या पोटात कण नव्हता, तरी तो काही हलेना.

महिपती हा बनुबाईचा थोरला मुलगा. पोलादपूरहून महाडला लॉरी न्यायचा. गेल्या वर्षीच्या श्रावणात विषमज्वराने गेला आणि दहाव्याला पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. म्हणजे मागे काही राहिलं नव्हतं बिचाऱ्याचं. जे राहिलं ते घरच्यांनीच मागाहून ओढवून घेतलं, आणि ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चीनच्या लढाईच्या आदल्या दिवाळीत कुवेतच्या एका कंपनीचा माणूस ड्रायव्हर शोधत महाडला आला होता. त्याने नियम समजावून सांगितले. कंपनीने माणूस न्यायचा तर सरकारी साहेबापुढे करार करायचा, आजारी पडला तर औषधपाणी करायचं, मुदत सरली की घरी पोचवायचं, काही बरंवाईट झालं तर वारसाला कळवायचं. आणि न्यायचा तो जुन्या लायसनचा, मुरलेला ड्रायव्हरच. नियम चांगले होते हो. गरिबाच्या भल्याचेच होते. पण आमच्याकडे चांगल्या नियमालाही मागचं दार शोधतात. महिपतीचा धाकटा भाऊ सोनबा, आवडीचा नवरा, कशेडी घाटात भावापेक्षा सफाईने गाडी काढायचा, पण त्याचं लायसन कालपरवाचं. महिपतीचं लायसन पेटीत पडून होतं आणि भाऊ दोघे एका तोंडवळ्याचे. झालं. सोनबा महिपती होऊन गेला.

साहेबाला बायकोची संमती समोर हवी होती. आता महिपतीची बायको साळू मुंबईला पांढऱ्या कपाळाने कशी जाणार? निघायच्या सकाळी आवडीनेच जावेच्या कपाळाला कुंकू लावलं. महिपतीला जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

"वाकडं लागंल गो," डोळे मिटून साळू म्हणाली.

"तूच हलतेस, बाय," आवडी म्हणाली.

कोणी चौकशीला आलं तर पंचाईत नको, करार असेपर्यंत कुंकू राहू दे, असं कंपनीच्या माणसाने बजावलं होतं. म्हणून ते राहिलं. पुढे पुढे साळू बोलताना 'आमचे हे' म्हणायला लागली. कोण हे, ते आवडीने कधी विचारलं नाही. खुशाली यायची ती साळूच्या नावाने, आणि पाऊस लागल्यापासून तीही आली नव्हती. सोनबाचं काही बरंवाईट झालं तर कंपनी नियमाप्रमाणे कळवेल, पण साळूला कळवेल, आणि कळवेल काय, तर महिपती मेला. तो तर मेलेलाच होता. मग आपला नवरा मेला हे आपल्याला सांगणार कोण, हा विचार आवडीच्या डोक्यातून जात नसे.

यंदाच्या श्रावणात महाडचा मुरारी रजेवर आला. तो त्याच कंपनीत ड्रायव्हर होता. आवडी एस.टी.ने महाडला जाऊन त्याला भेटली.

"मी निघालो तवा त्यांची गाडी आत वाळवंटात गेलेली, वयनी. तोवर बरे होते," मुरारी म्हणाला आणि जरा घुटमळला. "एक सांगू? एकदा कोणी नाय बघून मी 'सोनबा' म्हणून पाठीमागून हाक मारली. वळलेच नाय. मग म्हणतात कसे, 'माझा उजवा कान इंजिनच्या आवाजानं गेलाय, ठाव नाय तुला?'"

उजवा कान महिपतीचा गेला होता. सोनबाला चुलीपाशी कुजबुजलेलं ओटीवर ऐकू यायचं. आवडी घरी आली, भात घातला, भाकऱ्या थापल्या, आणि यातलं कोणाला काही बोलली नाही.

कुशाबा त्या भावांचा चुलता. आज सोनबाच्या जागी म्हाळ त्यानेच घातला होता. आता तो फणसाकडे हात जोडून एकेक कबूल करत होता.

"साळूला अंतर देणार नाय, म्हैपती. तुझ्या आयेला सांभाळू. वरच्या शेताचा बांध घालू."

कावळ्याने मानही वळवली नाही. कुशाबाने हात खाली घेतले आणि तो जोत्यावर बसला.

"नाय यायचा तो," तो हळू आवाजात म्हणाला. "तिकडं रोज सकाळी म्हैपती म्हणून हाळी पडते, आन् कोणतरी ओ देतं. ज्याच्या नावाला ओ मिळते, तो मेला कसा? आन् मेला नाय, तर आपलं पान घेईल कशाला?"

"मग आता, तात्या?" आवडीने विचारलं.

"दोघं भाव होते. एक मेला, एक चालता हाय. चालता हाय तो म्हैपती."

मग मेला तो कोण, हे त्याने बोलून दाखवलं नाही. आवडीला कळलं. तिने कौलांवरच्या पानाकडे बघितलं.

बनुबाई दारात बसली होती. तिला दिसत कमी होतं, उपासाने ग्लानी आली होती, आणि या दोघांचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नसावं. पोरं शेतावर असताना ती वर्षानुवर्षं जशी हाक मारायची तशीच तिने मारली.

"म्हैपतीऽ, सोनूऽ, या रे जेवाया."

महिपतीच्या नावाला कावळा हलला नाही. सोनूच्या नावाला तो उडाला आणि थेट कौलांवर उतरला.

जोत्याच्या दगडावर चढून आवडीने पान खेचून घेतलं. चोच पानाला लागली होती की नव्हती, यावर पुढे घरात दोन मतं पडली. आवडीचं मत, नव्हती. ती अंगणात मांडी घालून बसली, पान पुढ्यात ठेवलं आणि खायला लागली.

"आवडे, टाक ते," कुशाबा म्हणाला. "मेल्या माणसाचं पान हाय."

"सोनूचं हाय," आवडी म्हणाली. "माझा नवरा जिता हाय. त्याच्या वाटचं मी खातेय."

साळू माजघरातून बाहेर आली होती. तिचा हात कपाळाशी गेला आणि तिथेच राहिला. कुशाबाला पुढे होऊन पान ओढून घ्यावंसं वाटलं असेल, पण त्याच्याने उठवलं नाही. कावळा मोकळ्या कौलांवर बसून होता.

"सोनू आला का गो?" बनुबाईने विचारलं. मग तिने पुन्हा हाक घातली. "सोनूऽ."

कावळ्याने पंख उचलले.

"ओ," आवडी म्हणाली. तिच्या तोंडात घास होता.

म्हातारीचं समाधान झालं नाही. ती हाका मारत राहिली, आणि आवडी भाताचा एकेक घास गिळत, दर हाकेला ओ देत राहिली.