नळ्या, दस्ता आणि पेटी

माझ्या सासऱ्यांना जुन्या बंदुका जमवायचा शौक होता. चालवायचा नव्हे, त्यांच्या हातून उभ्या आयुष्यात चिमणीसुद्धा मेली नाही. सगळ्यांत लाडकी होती ती एकावर एक नळ्या असलेली दुनळी. रविवारी ती पेटीतून काढायची, तेलाचं बोट फिरवायचं, पोलादावरची नक्षी आल्यागेल्याला दाखवायची आणि सांगायचं, "बघा, नळ्यांवर आणि दस्त्यावर नंबर एकच. जन्मापासून जोडी फुटलेली नाही."

ते गेले आणि जोडी फुटली. बाकीच्या बंदुका गुपचूप वाटल्या गेल्या, हिच्यावर मात्र गाडं अडलं. शेवटी मोठ्या मेहुण्यांनी नळ्या घेतल्या, धाकट्यांनी दस्ता. लेकीला, म्हणजे आमच्या हिला, रिकामी पेटी मिळाली. तेव्हापासून दोघा भावांत अबोला.

तो सुटावा, एवढाच हिचा ध्यास. यंदा तिनं दोघांना आमच्याकडे बोलावलं. "आपापला तुकडा घेऊन या. एकदा जोडू, मग भांडा हवं तर."

आले. समोरासमोर बसून दोघेही माझ्याशीच बोलत होते.

"भाऊजी, त्याला म्हणावं जपून धर."

"भाऊजी, त्याला म्हणावं वस्तू माझी आहे."

हिनं टेबलावर पेटी उघडली. मखमलीतल्या खोबणींत नळ्या बसल्या, दस्ता बसला, जणू कालच काढले होते. हिचे डोळे भरून आले. मग जोडायला घेतलं.

जोडेना. मोठ्यांनी रेटलं. धाकट्यांनी चष्मा लावला.

"दादा, बिजागरीची कड घासलीस तू!"

अबोला सुटला.

"नवा दस्ता बसवून घेतला मी. नळ्यांची काय बासरी करू? आणि तुझा हा खिळा जाड कसा?"

"मी नव्या नळ्या बसवल्या. पण तू तरी तुझा भाग जसाच्या तसा ठेवला असशील, अशी खात्री होती मला."

"मलाही तुझ्याबद्दल तीच होती!"

त्या घरात एकमेकांवर एवढा विश्वास मी प्रथमच पाहिला.

दोघांनी आपापला तुकडा उचलला आणि चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मोठ्यांचा हिला फोन. "अगं, पेटी तेवढी दे ना. अस्सल पेटीत ठेवली की माझी बंदूकही अस्सल दिसेल." पाठोपाठ धाकट्यांचा. "ताई, तुझ्याकडे नुसती पडूनच आहे ना?"

"ती माझी वाटणी आहे," हिनं दोघांनाही सांगितलं आणि फोन ठेवला.

परवा भाचीकडून कळलं, दोघे भाऊ हल्ली रोज फोनवर बोलतात. अगदी पोटभर. बाबांच्या वस्तूची हिला काडीची कदर नाही, यावर त्यांचं एकमत झालंय.

मी हिच्या कानावर घातलं. ही मखमल झटकत होती.

"बोलतात ना? मग झालं," म्हणाली आणि पेटी माळ्यावर टाकायला मला स्टूल धरायला लावलं.