वाकलं की वर येतं

फरशी बसवायची म्हणजे दिवसभर ओणवं. त्यात धाकट्याचं पोट एवढं, की खाली वाकलं की ते छातीत घुसायचं आणि घशाशी आंबट जाळ यायचा. आडवं झालं तरी तेच. उशा रचून बसल्याबसल्याच झोपायचा. दोन डॉक्टर झाले. दोघांनीही पोटाकडे बघितलं, तोंडाकडे नाही, आणि म्हणाले, "खाणं आवरा."

खाणं? सकाळी चहा घेतला की काम संपेपर्यंत तो पाण्यावर असायचा. खाल्लं तर वाकताच येत नव्हतं. मग रात्री भुकेनं ताट भरून जेवायचा आणि पुन्हा जळत बसायचा.

धंदा दोघा भावांचा. थोरला काटकुळा, तोंडाचा फटकळ. धाकट्याला तो 'टाकी' म्हणायचा, गिऱ्हाइकासमोरसुद्धा.

त्या दिवशी एका बाईंच्या स्वयंपाकघरात शेवटची रांग बसत होती. धाकट्यानं वाकून फरशी दाबली आणि तो भडभडून ओकला. नव्या फरशांवर, ओल्या सिमेंटवर. नुसतं पिवळं पाणी.

बाई मागे सरल्या. थोरला हसत म्हणाला, "माफ करा हं ताई. आमची टाकी वाहते अधूनमधून. कुठंतरी ताव मारला असणार."

धाकट्यानं थापी आपटली. "नीट बघ त्याच्यात. दिसतोय एक तरी घास?"

"अरे, गंमत केली..."

"सकाळपासून उपाशी आहे मी! घसा माझा जळतो आणि दात तू काढतोस!"

सिमेंटच्या हातांनी तो तसाच चालता झाला.

बायकोनं त्याला तिसऱ्या डॉक्टरकडे, एका बाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "वाकल्यावर जास्त होतं, की झोपल्यावर?"

त्याला बरं वाटायच्या ऐवजी संतापच आला. एवढा साधा प्रश्न, आणि आजवर कुणाला सुचला नाही!

"पोटाच्या भारानं जठर दाबलं जातं, त्याचं वरचं तोंड सैल पडतं," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीनं बघू, गोळ्या देते. थोडं थोडं, वेळेवर खा. वजन उतरवायचंच आहे, पण उपाशी राहून नाही. आपण मिळून बघू."

दोन दिवसांनी थोरला दारात. "चल, काम अडलंय."

"भिंती मी करीन, उभ्यानं. जमीन तुझी."

"माझी कंबर रे..."

"मोडू दे. आणि पुन्हा टाकी म्हणालास, तर धंदा वेगळा."

थोरल्यानं भावजयीकडे बघितलं. तिनं सरळ आत जाऊन नवऱ्याचा डबा भरायला घेतला.