लाल गाठोड्याची ऊब

"बिना लाकडाची, बिना कोळशाची आग! देवीनं पाठवली!" लकडगंजातल्या लाकूड चिरायच्या आरामशीनच्या आवारात धुनीबाबा गरजला आणि चारशे माणसं एका सुरात "जय हो" म्हणाली. बाबाने लाल कापडाच्या गाठोड्यावर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. गाठोड्यातून वाफ निघाली. बायकांनी डोक्यावर पदर ओढून हात जोडले. त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरातल्या त्या थंडीत बाबा असं गाठोडं अशक्त लेकरांच्या पाठीखाली सरकवत होता.

गर्दीत शिरलेल्या, प्रसूतिगृहातल्या सिस्टर जयवंताला किळस आली. बाबाची तर आलीच, पण त्याहून जास्त आली आपल्या शहाण्यासुरत्या माणसांची.

बाळंतीण भागीरथाचं सातव्या महिन्यात झालेलं, जेमतेम तीन पौंडांचं लेकरू तिच्या सासूने, तुळसाबाईने, सकाळीच प्रसूतिगृहातून उचलून इथे आणलं होतं. त्या प्रसूतिगृहात लेकरांना ऊब देणारं विलायती यंत्र कुठलं असायला! जयवंताने चहाच्या खोक्यात संत्र्याची पेटी बसवली होती, मधे याच आरामशीनचा भुसा ठासला होता. आत फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या आणि एक थर्मामीटर. तीन खोकी वाया गेली, तेव्हा कुठे चौथं जमलं. आणि तुळसाबाई म्हणाली होती, "लेकराले खोक्यात काहून घालता? मयत हाय का ते?"

जयवंताने लेकराला हात लावला. तळवे गारठलेले आणि पाठ लालबुंद. तिचं डोकंच फिरलं.

"हात नको लावू वं! देवी कोपन!" बाबा ओरडला.

"कोपू दे!" तिने लेकरू छातीशी घट्ट धरलं आणि गाठोड्याची गाठ सोडली. आत पांढरे खडे आणि भुकटी. "आजी, दिवाळीच्या आधी घर पोतता ना? ड्रमातल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं का काय होते?"

"उकळते," तुळसाबाई पुटपुटली.

"मग त्या ड्रमाले कधी हात जोडले होते?"

जयवंताने एक कोरडा खडा फरशीवर ठेवून त्यावर बाबाचंच तीर्थ ओतलं. खडा फसफसला, फुटला, वाफाळला.

"अवं माय! त्या ड्रमाजवळ आम्ही पोरांले फिरकू देत नाही," तुळसाबाईचा आवाज फाटला, "अन् मी लेकरू त्याच्यावर निजवलं!"

लोक वळून पाहतात तोवर बाबा खडावा टाकून पसार झाला होता. इतका वेळ गुडघे टेकून बसलेली माणसं आता त्याला शिव्या देत होती. जयवंताला त्याचाही वीट आला.

लेकरू पेटीत परतलं. पाठीला मलम लागलं. आईला लेकरू दिसावं आणि कोणाला मयत आठवू नये, म्हणून जयवंताने झाकणाला काच बसवून घेतली. तिसऱ्या दिवशी येऊन पाहते तर काय, पेटीला कुंकू लावून तुळसाबाई नारळ घेऊन उभी!

"घ्या! आता हिची पूजा!" जयवंताने कपाळावर हात मारला. "आजी, हे खोकं हाय. भुसा हाय, गरम पाणी हाय, अन् पाणी थंड होते. नारळ ठेवा बाजूले. ऊब कुठून येते हे ज्याले सांगता येत नाही, त्याच्या हाती लेकरू देऊ नका. मी असली तरी मले विचारा."

तुळसाबाईने नारळ खाली ठेवला. मग तिने पदराने कुंकू पुसलं, गरम पाण्याची किटली उचलली आणि काचेतून वाकून पाहत म्हणाली, "बरं, हा पारा कुठवर पाहिजे, ते सांग वं मले."