दंडबाबाची बरणी

“सकाळपासून उभी हाय, पायात गोळे येऊन राहिले, अन् हे नारळवाले मधातच घुसतात,” प्रेमिलाच्या मानेमागे कोणीतरी पुटपुटलं.

प्रेमिलानं वळून पाहिलं नाही. तिची नजर पुढच्या पाठीवर होती. ती पाठ सासूची, गोदूबाईची, आणि तिच्या खांद्यावर मान टाकून प्रेमिलाची पाच वर्षांची अंजू. पोरीच्या डोळ्यांतली कावीळ अजून उतरली नव्हती. पाणी उकळूनच द्या, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. आणि आजी तिला नाग नदीचं पाणी पाजायला निघाली होती.

“आत्याबाई, ऐका ना माझं.”

“तू चूप राह्य वं. पोरगी वाळून काडी झाली. औषधानं काय झालं?”

दोन वर्षं दर रविवारी वस्तीतली माणसं याच काठावर जमत. गाद्या, प्लास्टिकच्या पन्न्या, फुटके देव, काय काय नदीतून ओढून काढत. पंधरा दिवसांपूर्वी दंडबाबा आला आणि म्हणाला, “माय कधी मळते काय गा? मळ लेकरायच्या मनात हाय! मायच्या अंगावर फावडे चालवता? टाका ते घमेले!” घमेली टाकायला भाविकांना फार आग्रह करावा लागला नाही.

आज काठावरच्या मांडवात काचेची मोठी बरणी होती. बाबानं सगळ्यांसमोर नदीतून काळपट पाणी भरून आणवलं. पिवळं फडकं गुंडाळलेला आपला दंड त्यात बुडवून गरागरा फिरवला. मग अर्धा तास भजन. तिसऱ्या भजनाला पाण्यात ढग धरले, पाचव्याला ते खाली बसू लागले, आणि आरतीपर्यंत वरचं पाणी असं निवळलं की पलीकडचा बाबा दिसावा. एरवी तो दिसला नसता तरी चाललं असतं.

“पाहा! नागमाय हसली! घोटभर घ्या, रोग पळाला म्हणून समजा!”

जयजयकार झाला. रांग सरकली. बाबा ओल्या दंडाचं टोक प्रत्येकाच्या कपाळाला टेकवत होता. प्रेमिलाच्याही कपाळाला टेकवलं. ओल वाळली तशी कातडी आक्रसली, कपाळ कोणी चिमटीत धरावं तशी.

ही ओढ तिच्या ओळखीची होती. माहेरी माग होता. सूत रंगवायच्या आधी लड्या तुरटीच्या पाण्यात भिजवायच्या, आणि ते काम लहानपणी तिच्याकडे. संध्याकाळी हातांची कातडी अशीच ताणायची, मुठी वळायच्या नाहीत.

पुढे वाटी भरली गेली होती. गोदूबाईनं ती अंजूच्या तोंडाकडे नेली.

प्रेमिलानं झडप घालून सासूचं मनगट धरलं.

“सोड! पाप लागंल!”

“लागू द्या मले. रूपराव, इकडे या जरा!” सलूनवाले रूपराव तीर्थ घेऊन कडेला उभे होते. “खरं सांगा. दाढी झाल्यावर तुम्ही गिऱ्हाइकाच्या गालाले काय फिरवता?”

“तुरटी.”

“मग गाल कसा होते?”

रूपरावांनी स्वतःचं कपाळ चाचपलं. बाबाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. सगळी गर्दी त्यांचीच गिऱ्हाइकं. “ताणते,” ते हळूच म्हणाले.

“बाईच्या अंगात येऊन राहिलं!” बाबा गरजला. “बाहेर काढा तिले!”

दोघं पुढे आले. प्रेमिलानं सासूचं मनगट सोडलं नाही. “काढा. पण आधी रूपरावची तुरटी अन् दुसरी बरणी आणा. तुमचा दंड खरा असंल तर माझ्या तुरटीनं पाणी गढूळच राहीन. भ्यायचं काहून?”

रूपराव खरंच सलूनकडे निघाले. बरणी आली, तेच पाणी आलं. प्रेमिलानं एका हातानं तुरटी फिरवली.

“आता म्हणा भजन. तोवर बाबांनी फडकं सोडून दंड दाखवावा.”

भजन कोणी म्हटलं नाही. बाबानं दंड छातीशी धरला. शेवटी रूपरावांनीच तो हिसकला, फडकं सोडलं. आत पांढरा, झिजलेला खडा. तोवर दुसऱ्या बरणीतही ढग धरले होते. भजनाशिवाय ते खाली बसले. वरचं पाणी लख्ख.

बाबा मांडवामागून सटकला. कोणी अडवलंही नाही.

“तुरटीनं का होईना,” गर्दीतून आवाज आला, “साफ तर झालं ना? प्यायले काय हरकत हाय?”

“होय ना,” गोदूबाई म्हणाली. वाटी अजून तिच्या हातात होती.

“निवळलं म्हणजे शुद्ध झालं नाही, आत्याबाई! घाण खाली बसली, जंतू काही सगळे तिच्यासंगं बसले नाहीत. जे डोळ्याले दिसत नाही त्याचंच तर अंजूले दुखणं आलं. बाबा सांगो नाहीतर मी सांगो, आधी विचारा, हे पाणी कुठून येते? यात काय...”

इथं प्रेमिला अडखळली. समोर काठावर ओळीनं घरांच्या मागच्या भिंती होत्या आणि प्रत्येक भिंतीखालून नदीत सुटलेला एक पाइप. तिच्याही घराचा. दोन वर्षांत गाद्या निघाल्या, पन्न्या निघाल्या, पाइपांकडे मात्र सगळ्यांनी पाठ करून काम केलं होतं. तिनंही.

माणसं खाली पाहू लागली. अंजू वाटीकडे हात पसरत होती. तिला तहान लागली होती.

गोदूबाईनं नातीच्या पिवळ्या डोळ्यांत पाहिलं, मग नदीकडे. वाटी मातीत उपडी केली.

“नको पिऊ, माय,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “आपल्याच संडासाचं हाय ते.”