जोतिबाच्या नावानं

निपाणीच्या स्टँडवर उतरेपर्यंत भीमरत्नची कंबर बोलायला लागली होती. आठवड्यातली ही तिसरी खेप. बेळगावहून सकाळी सातला निघायचं, संकेश्वरपर्यंत उभ्यानं यायचं, आणि शिक्षण मंडळाच्या कचेरीत पोचलं की मागच्या खेपेला ठरलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून ठरवायला घ्यायचं. काम तसं दोन दिवसांचं होतं. मंडळाच्या अकरा शाळा, त्यांच्या जुन्या फायली आणि एक नवा सर्व्हर. त्यावर सगळ्यांसाठी सामायिक फोल्डर करायचे, आणि कुठला फोल्डर कुणाला उघडेल, कुणाला त्यात लिहिता येईल, हे बसवून द्यायचं. यंत्राला हे सांगितलं की कळतं. माणसांना सांगताना मात्र नाकी नऊ येतात.

पहिल्या खेपेला सेक्रेटरी नागेंद्र सरांनी अधिकारांची यादी हातात ठेवली, ती लग्नातल्या आहेरासारखी मानाप्रमाणे केलेली. चेअरमनना सगळ्या फोल्डरांवर पूर्ण अधिकार. चेअरमननी आजवर संगणकाला हात लावला तो खंडेनवमीला हार घालतानाच, पण त्यांच्या नावापुढं 'फक्त वाचणे' कसं लिहायचं? त्यांच्या खाली सेक्रेटरी, मग हेडक्लार्क, मग क्लार्क, असा अधिकार पायरीपायरीनं उतरत आलेला. सगळ्यात शेवटी शिपाई, आणि त्यांच्यापुढं फुली.

"सर, मान बघून न्हाय, काम बघून द्यायचं असतंय हे," भीमरत्न म्हणाला होता.

"काम बघून दिलं तर मान कुठं ठेवायचा?" नागेंद्र सरांनी विचारलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण कुणाच्या शेपटीवर पाय न देता तीस वर्षं नोकरी केलेली, त्यामुळं कुठं पाय टाकायचा हेच विसरून गेलेला.

आज यादी पक्की करून सही घ्यायची आणि साडेचारच्या गाडीनं घर गाठायचं, एवढंच भीमरत्नच्या मनात होतं. पण खुर्चीत टेकतो न टेकतो तोच सरांनी नवं काढलं.

"ते रेकॉर्डचं फोल्डर हाय न्हवं, त्यात सगळीकडं जोतिबाचं नाव दिसतंय. मालक कोण, तर जोतिबा. मेलेल्या माणसाचं नाव बरं दिसत न्हाय, तपासणीला कोण आलं तर. ते काढा आणि सौरवचं घाला. सगळ्या फायलींवर."

सौरव म्हणजे आठ महिन्यांपूर्वी लागलेला नवा क्लार्क, चेअरमनांच्या मेव्हण्याचा मुलगा. तो आज रजेवर होता. परवाही होता.

"घालतो," भीमरत्न म्हणाला. वाद घालायला अंगात जोर लागतो, आणि तो संकेश्वरच्या अलीकडंच संपला होता.

रेकॉर्डची खोली मागच्या बाजूला होती. तिथं राजाबाई स्कॅनरपुढं बसली होती. पन्नाशीची, कागदोपत्री शिपाई, निळ्या साडीचा पदर खोचून एका जुन्या जनरल रजिस्टराचं पान काचेवर अलगद पसरत होती. गावोगावच्या शाळांत साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोण पोर दाखल झालं, त्याची जन्मतारीख काय, जात काय, हे सगळं त्या रजिस्टरात. जातीचा दाखला काढायला आजही लोक त्या एका ओळीसाठी चिकोडीपासून हेलपाटे घालतात. भीमरत्नच्या बापानंही घातले होते. भीमरत्न बारावीला असताना एका शाळेतल्या क्लार्कनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं म्हणून हात वर केले होते, आणि तिथल्याच एका शिपाईबाईनं ते माळ्यावरून काढून दिलं होतं. तिचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं. ते आठवलं की भीमरत्नला अजून लाज वाटते.

"सर," राजाबाईनं मान वर न करता विचारलं, "जोतिबा अण्णांचं खातं बंद हुणार म्हणं?"

"व्हय आक्का. गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवत न्हाईत."

"मग मी कशानं उघडू ह्ये?"

आणि मग सगळं निघालं. जोतिबा इथला रेकॉर्ड क्लार्क. सात वर्षांपूर्वी त्यानंच राजाबाईला स्कॅनर शिकवला, फायलीला गाव, शाळा, साल असं नाव कसं द्यायचं ते शिकवलं, आणि आपला पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला. एकोणीस सालच्या दिवाळीआधी तो गेला. राजाबाईनं सेक्रेटरींना विचारलं, आता कसं करू? सर म्हणाले, चालू दे त्याच्याच नावानं. तेव्हापासून ते चाललं होतं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं मेलेला आजा उताऱ्यावर वीस-वीस वर्षं शेत कसतो, तर कचेरीत क्लार्कानं सहा वर्षं पानं स्कॅन केली तर बिघडलं कुठं?

"उद्या अर्जाची शेवटची तारीख हाय," ती म्हणाली. "जोतिबा अण्णांची जागा भरायल्यात, आतल्याच माणसातनं. मी पीयूसी पास हाय, बारावी. पर अनुभवाचा दाखला पायजे. सर म्हणत्यात, तुझ्या नावावर काय कामच दिसत न्हाय, दाखला कशाचा दिऊ?"

"मग सौरवनं अर्ज केलाय काय?"

"केलाय की." तिनं पान उलटलं. "त्येला ह्या कपाटाची किल्ली कुठं असती ते बी ठावं न्हाय."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि त्या बिळावर नावाची पाटी ठोकायचं काम भीमरत्नकडं आलं होतं. त्यानं फोल्डर निवडला, मालकाच्या रकान्यात सौरवचं नाव घातलं. आता एक टिचकी, की एकतीस हजार फायलींचा धनी बदलणार. साडेचारच्या गाडीला दीड तास होता. हे आपलं काम नाही, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं. खरंच नव्हतं. त्याला फार थकवा आला होता, आणि थकलेल्या माणसाला दुसऱ्याचा अन्याय दिसला की आधी रागच येतो, तो ज्याच्यावर झाला त्याचा. ही बाई सहा वर्षं गप्प कशाला बसली?

त्यानं टिचकी मारली नाही. उगाच फायलींची यादी तारखेप्रमाणे लावली आणि खाली-वर करत राहिला. रोज वीस-पंचवीस पानं, सोमवार ते शनिवार, साडेदहापासून. जोतिबा मेल्यावर एक दिवस उशिरा आला नव्हता. मध्येच एका ठिकाणी यादीत खड्डा दिसला.

"आक्का, बावीस सालच्या मे महिन्यात अकरा दिवस स्कॅनर बिघडलावता काय?"

"न्हाय. माझ्या थोरलीचं लगीन हुतं तवा. रजेवर हुते."

भीमरत्ननं माऊस सोडला. मग पुन्हा धरला.

"आणि तेवीसच्या पावसाळ्यात? बावीस दिवस?"

"पाय मोडलावता माझा." ती आता वळून त्याच्याकडं बघत होती. "का वो?"

त्यानं यादी छापून घेतली, सरांच्या खोलीत गेला आणि हजेरीचं मस्टर मागितलं. सरांनी कुरकुर केली, पण मस्टर त्यांच्याच कपाटात होतं, नाही म्हणायला सोय नव्हती. भीमरत्ननं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेन्सिलीनं एकेक तारीख दाखवत गेला. राजाबाई लग्नाला, जोतिबा लग्नाला. राजाबाईचा पाय मोडला, जोतिबाचाही मोडला. नाताळात तिला ताप आला तेव्हा हाही अंथरुणावर.

नागेंद्र सर पहिल्यांदा हसले. "मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणत्यात, ते खरंच की." मग पुढच्या पानावर हसू बारीक झालं. चौथ्या पानाला त्यांनी चष्मा काढून पुसला. मस्टरावर रोजची सही त्यांचीच होती.

"हे मला म्हाईत न्हवतं असं न्हाय," ते हळू म्हणाले. "मीच म्हणलतो, चालू दे."

"व्हय सर. म्हणून तर हे तुम्हालाच दाखिवलं. मालकाचं नाव बदललं तर हे सगळं सौरवच्या नावाखाली पुसून जाईल. पुसा म्हणत असशीला तर अधिकारांच्या यादीवर तसं लिहून सही करा. मी पुसतो, मला साडेचारची गाडी हाय."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. शेजारच्या शाळेतली पोरं पाढे म्हणत होती, ती तेराला अडखळून पुन्हा मागं गेली. शेवटी सरांनी अधिकारांची यादी ओढली, सर्वांत खालच्या ओळीतली शिपायापुढची फुली खोडली आणि त्या जागी लिहिलं: राजाबाई, रेकॉर्ड फोल्डर, वाचणे व लिहिणे. खाली सही केली.

"जागा कुणाला द्यायची ते चेअरमन ठरवतील, ते माझ्या हातात न्हाय," ते म्हणाले. "पर दाखला देतो. सहा वर्षांचा. आत्ताच देतो. आणि जोतिबाचं नाव ऱ्हाऊ दे जुन्या फायलींवर."

भीमरत्न मागच्या खोलीत आला तेव्हा पावणेपाच वाजले होते. त्यानं राजाबाईला दाखला होणार म्हणून सांगितलं, तिचं नवं खातं तयार केलं, जोतिबाचं खातं बंद केलं, आणि खुर्ची तिच्याकडं सरकवली.

"बसा आक्का. उघडतंय का बघा."

ती बसली. बोटं सवयीनं चालली, झरझर, न बघता. तिनं जोतिबाचं नाव लिहिलं आणि यंत्रानं नाही म्हटलं. तिनं पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता गेलं की वो अण्णा," ती म्हणाली. "इतकी वर्सं ध्येनातच आलं न्हवतं."

भीमरत्न खिडकीकडं बघत उभा राहिला. तिनं पदरानं डोळे टिपले आणि कीबोर्डाकडं वाकून पाहिलं. अकरा शाळांतल्या हजारो पोरांची गावं आणि शाळा तिनं ह्याच बोटांनी लिहिली होती. आता तिला एकेक अक्षर शोधावं लागत होतं. एका बोटानं, थांबत थांबत, तिनं आपलं नाव लिहिलं.

फोल्डर उघडला. राजाबाईनं अर्धं राहिलेलं पान काचेवर ठेवलं, झाकण लावलं, आणि फाईल जतन झाल्यावर मालकाच्या रकान्यात काय आलं ते वाचलं. मग भीमरत्नला म्हणाली, "सर, पुढची गाडी सहाला हाय. च्या घेऊन जावा."