उलटपायीला ओ देणार कोण

"सर, तुमचं भूत इतकं भोळं काऊन आहे?"

प्रश्न मी विचारला, पण पैज दामिनीची होती. ती आणि शिवानी, माझ्या दोघी मैत्रिणी, मागे संत्र्याच्या झाडाआड ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर मालिकेचे लेखक अभिजीत सर बसले होते. पुण्याचे. हातातला चहा कधीचा थंड झालेला.

'उलटपायी'चा पहिला सिनेमा आला तेव्हा माझी आई शाळेत होती. तेव्हापासून भागावर भाग निघाले, आणि आम्ही ते सगळे पाठ केलेत. उलट्या पायांची ही बाई स्वतःच्याच लुगड्यात अडखळून पडते आणि झाडामागून माणसाला नावानं हाक मारते. ज्यानं ओ दिली तो तिचा. आजवर ती कोकणातच फिरली. आता तिची मालिका निघाली आहे आणि तिच्यात ती नारळाच्या ट्रकमध्ये झोप लागून थेट आमच्याकडे पांढुर्ण्याला, संत्र्याच्या बगिच्यात उतरते. शूटिंगसाठी तिगावजवळचा माझ्या श्रावणमामाचा बगिचा घेतला होता, आणि सोबत मामालाही एक काम दिलं होतं. हाक आली की "ओ" म्हणायचं. बस.

तेवढंच मामाला जमत नव्हतं. स्पीकरमधून "श्रावऽऽण" अशी हाक यायची, मामा तोंड उघडायचा आणि मिटून घ्यायचा.

"श्रावणराव, ओ द्या ना," दिग्दर्शक मॅडम म्हणायच्या.

"देतोच म्हणून राहिलो मॅडम, पण आवाजच निघून नाही राहिला."

आमच्याकडे तिन्हीसांजेला बगिच्यातून नावानं हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय कोणी ओ देत नाही. भूत तीनदा हाक मारत नाही म्हणतात. मामा हे मानतो असंही नाही, पण लहानपणापासून त्याची जीभच तशी वळलेली. ऊन उतरायला लागलं होतं आणि मॅडम कोणाला तरी सांगत होत्या, की दुसरा माणूस बघा. मामानं अर्ध्या सौसर गावाला आपण टीव्हीवर येणार म्हणून सांगून ठेवलं होतं.

माझं दुखणं मात्र वेगळंच होतं. माझी दहावी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाबा मला नागपूरला नेणार होते. होस्टेल, क्लास, बायोलॉजी, डॉक्टर. मला गोष्टी लिहायच्या होत्या. हे मी दामिनीला सांगितलं होतं, शिवानीला सांगितलं होतं, मामाच्या गायीलाही सांगितलं होतं. बाबांना नाही. बाबांसमोर माझीही मामासारखीच गत व्हायची.

म्हणून दामिनी म्हणाली होती, "त्या लेखकाले एक प्रश्न विचारून दाखव. इथं नाही बोलली, तर घरी काय बोलशील वं?"

सरांनी मान वर केली. "भोळं म्हणजे?"

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी हाकेचं सगळं सांगितलं. "एका हाकेत इथं कोणी ओ देणार नाही सर. उपाशी मरेल ती."

"ती मेलेलीच आहे."

"मग तर अजूनच वाईट."

सर हसले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बरं, तिनं काय करावं?"

मला आजवर लोकांनी मार्क विचारले होते. हे कोणी विचारलं नव्हतं.

"नावच घेऊ नये," मी म्हणाले. "आमची मामी कुठं मामाचं नाव घेते? थांबा."

मी झाडामागे गेले आणि उषामामीच्या आवाजात ओरडले, "अहो, ऐकलं का? मोटर चालूच ठेवली तुम्ही, सारं पाणी धुऱ्यावर वाया जाऊन राहिलं."

मामा पाणी पीत होता. "आलो, आलो," म्हणत लोटा टाकून तो विहिरीकडे धावला. एक चप्पल मागेच राहिली.

तेवढ्यात पलीकडून, चहाच्या पातेल्यापाशी उभी असलेली खरी मामी म्हणाली, "कोणाले आलो म्हणून राहिले? मी तर इथं आहे."

मामा जागच्या जागी थांबला. त्यानं मामीकडे पाहिलं, मग झाडाकडे. त्याचा चेहरा असा पांढरा पडला की सगळा बगिचा खदखदून हसला.

"हाच चेहरा," मॅडम म्हणाल्या. "कॅमेरा लावा. श्रावणराव, तुम्ही काहीच करू नका."

ऊन जायच्या आत सीन झाला. मामाचं काम टिकलं. मामी तेवढी सगळ्यांना विचारत फिरत होती, "माझा आवाज असा आहे का वं?"

"उद्या ये," सर मला म्हणाले. "मामीची अजून बरीच वाक्यं लागतील. तू सांग, मी लिहितो. नाहीतर तूच लिही."

"बाबांना विचारावं लागेल," मी म्हणाले, आणि म्हणतानाच कळलं की विचारायचं नाही, सांगायचं आहे.

परत येताना स्कूटीवर आम्ही तिघी होतो. मधे मी, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की शिवानीनं धरून ठेवलं नसतं तर वाऱ्यानं उडाले असते. किती महिने छातीवर बसलेलं काहीतरी त्या बगिच्यातच उतरून गेलं होतं. घरी अजून काहीच बोलले नव्हते, तरी सुटका झाल्यासारखी मी हसत होते.

"येडी झाली ही," दामिनी म्हणाली.

घरी बाबा माझी गादी दोरीनं बांधत होते आणि आई डब्यात शंकरपाळे भरत होती. मामीचा फोन आधीच येऊन गेला होता. बाबांना अजून हसू आवरत नव्हतं.

"धनश्री, उषाले भूत बनवलं म्हणे तू?"

"हो बाबा," मी म्हणाले. आवाज निघाला. चांगला मोठा निघाला. "ती दोरी सोडा. मी उद्या नागपूरला येऊन नाही राहिली. अकरावीत मी आर्ट्स घेणार, इथंच पांढुर्ण्यात, आणि गोष्टी लिहिणार. आई, तूही ऐक. तुम्ही दोघं रागवा, चालेल मला, पण माझं ठरलं आहे."